खालच्या मजल्यालाही ऊन हवे

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. समोरासमोरच्या इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. त्या बोळात वरून कचरा पडतो, म्हणून खिडकी असूनही ती बंदच. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली, त्यांचे हे पुनर्वसन. आयआयटी मुंबई आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था यांचा 2018 सालचा अभ्यास सांगतो की इथे आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये क्षयरोगी अधिक आढळले, तर जवळच्याच, तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीत बरेच कमी.

यात गूढ काही नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. वारा खेळता असेल तर ते पांगतात, उन्हात मरतात, पण कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. रुग्ण निदान सहा महिने गोळ्या घेतो, बरा होतो, आणि राहतो त्याच खोलीत.

हवा आणि आजार यांचा संबंध जोडणे मुंबईला नवे नाही. 1896 मध्ये प्लेग आला आणि दोनच वर्षांत शहरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आखला. त्या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली फार आणि बांधली थोडी, हा त्याचा दोष विसरता येणार नाही. पण हवा हा नगररचनेचा विषय आहे, एवढे त्याला कळत होते. आज झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत इमारतींमधली मोकळी जागा कमी सोडण्याची सवलत मिळते. त्याच भूखंडावर बिल्डर विक्रीसाठी बांधतो त्या टॉवरला मात्र बाग, पोडियम आणि चहूबाजूंनी वारा.

यावर सुशिक्षित घरांतून हमखास ऐकू येते, “फुकट घर मिळतंय, अजून काय हवं?” हे बोलणे मला क्रूर वाटते. विक्रीच्या सदनिकांतून बिल्डर जो पैसा कमावतो, तो झोपडपट्टीतल्या माणसांनी सोडलेल्या जमिनीवरच उभा असतो. आणि घर खरोखर फुकट असते, तरी त्यात राहणाऱ्या मुलाने आजारी का पडावे?

तळमजल्यावर किती उजेड पोचेल, हे नकाशा कागदावर असतानाच संगणकावर मोजता येते. हा हिशेब मंजुरीआधी सक्तीचा करा, तो मराठीत सोसायटीच्या सभेत वाचून दाखवा, आणि त्यात न बसणाऱ्या इमारतीला परवानगी नाकारा. चटईक्षेत्र घटले, तर विक्रीच्या टॉवरचे मजले कमी होऊ देत.