जंताचा जीव आणि शेणाचा नमुना

शेळीच्या पोटातला जंत मारणे ही हिंसा आहे का, हा प्रश्न जैन विचारात चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांची चढती मांडणी आहे आणि दोन इंद्रियांच्या जीवाचे उदाहरण म्हणून तिथे थेट कृमीच येतो. त्याला स्पर्श कळतो आणि चव कळते. मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा. पशुवैद्यकाची यादी या मांडणीशी ताडून पाहिली, तर आतड्यातले गोलकृमी, पट्टकृमी आणि यकृतातले चपटे कृमी दोन इंद्रियांच्या वर्गात जातात, उवा तिनांत आणि गोमाशी चारांत. जंताचे औषध पाजणारा हात कोणाच्या तरी जिवावर उठलेला असतो, हे आधी मान्यच करावे लागते.

गृहस्थाला संपूर्ण अहिंसा पाळता येत नाही, हे जैन आचार्यांनी ओळखले होते. म्हणून त्याच्या हिंसेचे चार प्रकार केले गेले: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि स्वतःच्या बचावासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने यांतली संकल्पी हिंसा तेवढी सोडायची. मेंढपाळाने कळपाला जंतनाशक पाजले, तर ती उद्योगी हिंसा म्हणता येईल. पण औषध पाजताना कृमी मरावेत हाच तर हेतू असतो, म्हणजे संकल्पही आला. पांजरपोळात हा पेच आणखी घट्ट होतो. मुंबईच्या भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४चा. भाकड, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळणे हे अशा संस्थांचे काम. तिथे उपजीविकेची सबब चालत नाही. ज्या करुणेने गाय आत घेतली, तीच करुणा गाईच्या पोटातल्या हजारो जिवांना लागू का नाही, याचे उत्तर द्यावे लागते. गुजरातेतल्या काही पांजरपोळांत किडलेले धान्य किड्यांसकट ठेवण्यासाठी वेगळी खोली असे. म्हणजे ही शंका कोणी तर्कटासाठी काढलेली नाही. लोकांनी तिच्यावर पैसा आणि जागा खर्च केली आहे.

या पेचावर परंपरेतले सर्वांत सुंदर उत्तर एका कथेत आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी रचलेल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ऋषभदेवांच्या एका पूर्वजन्मी ते जीवानंद नावाचे वैद्य होते, असे सांगितले आहे. एका मुनींच्या अंगात कृमी पडले होते. जीवानंदाने त्यांच्या अंगाला लक्षपाक तेल चोळले. तेलाच्या उष्णतेने कृमी कातडीतून बाहेर आले, तेव्हा वर रत्नकंबल पांघरले. त्याच्या गारव्याला कृमी त्यात शिरले. मग वैद्याने ते कंबल एका मेलेल्या गाईच्या कलेवरावर अलगद झटकले आणि मुनींना गोशीर्ष चंदनाचा लेप दिला. कातडीतले कृमी गेल्यावर मांसातले, मग हाडांतले, असे तीनदा केले. रोगी बरा झाला आणि कृमींनाही अन्न मिळाले. कथा म्हणून सोडून देण्याआधी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे: इथला वैद्य कृमीच्या स्वभावाचा अभ्यास करतो. त्याला काय सोसत नाही, तो कुठे जातो, कुठे जगू शकतो, हे कळल्याशिवाय त्याला ही सुटका जमली नसती.

परोपजीवीशास्त्राने नेमका हाच रस्ता पुढे नेला आणि त्याच्या टोकाला कलेवर नाही, असे दाखवून दिले. जखमेतल्या काही अळ्या मृत मांसावर जगतील. पण शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमाँकस काँटॉर्टस हा गोलकृमी प्रौढ अवस्थेत त्या पोटाबाहेर जगत नाही. त्याला बाहेर काढणे आणि मारणे यांत फरक उरत नाही. जीवानंदाची वाट इथे बंद होते आणि निवड उघडी पडते: शेळी की कृमी. मादी कृमी रोज काही हजार अंडी घालते, पावसाळ्याच्या उबदार ओलीत आठवड्याभरात त्यांतल्या अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, आणि भार वाढत गेला की शेळीच्या जबड्याखाली पाणी साठते, डोळे पांढरे पडतात आणि ती मरते. यजमान मेला की पोटातले कृमीही मरतात. काहीच न करणे हा अहिंसेचा पर्याय ठरतो, असेही मग म्हणता येत नाही.

ख्रिस्ती युरोपात प्रश्न उलट्या बाजूने विचारला गेला. तिथे कृमी मारावा का, याची कोणाला फिकीर नव्हती. दयाळू देवाने तो निर्माणच का केला, हे कोडे होते. डार्विनने १८६० साली आसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात, जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीचे उदाहरण देऊन आपली शंका मांडली होती. गंमत अशी की, देवाच्या योजनेवरच्या श्रद्धेनेच एका संशोधकाला बरोबर उत्तराकडे नेले. जनावरांच्या मांसात सापडणाऱ्या पाणीभरल्या पुटकुळ्या म्हणजे वाट चुकून आजारी पडलेले पट्टकृमी, असे कार्ल फॉन झीबोल्ड यांचे मत होते. जर्मन वैद्य फ्रीडरिश क्युखेनमायस्टर यांना ते पटेना. सृष्टीत एवढे निरर्थक काही घडणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी सशातल्या पुटकुळ्या कोल्ह्यांना खाऊ घातल्या, नंतर कोल्हे चिरले आणि त्यांच्या आतड्यात पट्टकृमी दाखवले. पुटकुळी ही त्याच कृमीची बाल्यावस्था होती. पुढे त्यांनी देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जेवणात डुकरातल्या पुटकुळ्या मिसळल्या आणि शिक्षा अमलात आल्यानंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधले. हा प्रयोग १८५५ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष खरा होता आणि तो मिळवण्याची रीत आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. कृमींविषयीचे बरेचसे पायाभूत ज्ञान असेच, प्राणी पोसून आणि चिरून मिळाले आहे. औषधाच्या हिंसेची चर्चा करताना ज्ञानाच्या हिंसेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

म्हणूनच शेणतपासणीला नैतिक वजन आहे. या पद्धतीत जनावराला टाचणीही टोचावी लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये मांडलेली मॅकमास्टर पद्धत आजही चालते. ताज्या लेंड्या ३ ग्रॅम घेऊन ४२ मिलिलिटर पाण्यात कुस्करतात, गाळतात, त्यातले १५ मिलिलिटर फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरचे पाणी टाकून तेवढेच मिठाचे संपृक्त द्रावण घालतात. कृमीची अंडी त्या द्रावणापेक्षा हलकी असल्याने वर तरंगतात. आखलेल्या काचेच्या दोन खणांत ती मोजायची आणि बेरजेला ५० ने गुणायचे: एका ग्रॅममागे किती अंडी, ते कळते. यकृतातल्या चपट्या कृमीची पिवळसर, मोठी अंडी मात्र जड. ती बुडतात, म्हणून त्यांच्यासाठी पाण्यात गाळ बसू देऊन तळ पाहतात. सगळे साहित्य तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मावेल इतके साधे आहे.

अंडे दिसले म्हणून आत कृमी आहे, हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. आणि अनुमानाच्या चुका न्यायशास्त्राने फार पूर्वी वर्गवार लावून ठेवल्या आहेत. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. धुके धूर समजले तर अनुमान फसते. काचेवरचा हवेचा बुडबुडा किंवा परागकण नवशिक्या तपासनिसाला अंड्यासारखा दिसतो, ती हीच चूक. याहून घातक चूक दुसऱ्या टोकाची आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अळी पोटात गेल्यापासून हिमाँकसची मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. यकृतकृमीला दहा-बारा आठवडे लागतात आणि त्या काळात कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. मेंढी मरते आणि शेणात अंडे एकही नसते. म्हणून ‘नमुन्यात काही नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘जनावरात काही नाही’ असा लावणारा तपासनीस तर्काने चुकतो आणि त्याची शिक्षा जनावराला होते.

कृमी सापडला म्हणजे रोग सापडला, असेही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना सहज, म्हणजे शरीरात स्वभावतःच राहणारे कृमी बाजूला ठेवले आहेत. त्यांची आजच्या वर्गीकरणाशी जुळवाजुळव करण्याचा मोह टाळलेला बरा; पण शरीरातला प्रत्येक परका जीव शत्रू नव्हे, हा भेद तिथे स्पष्ट आहे. आजचे निरीक्षणही त्याला धरून आहे. कळपातले बहुतेक कृमी थोड्याच जनावरांत एकवटलेले असतात. उरलेली जनावरे थोडा भार बाळगून सुखाने चरतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या ‘फामाचा’ नावाच्या तक्त्यात शेळीची खालची पापणी ओढून आतल्या लालीची पाच रंगछटांशी तुलना करतात आणि फिकट पडलेल्यांनाच औषध देतात. तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या कृमींपुरता उपयोगी आहे, पण तेवढ्यात तो चोख आहे.

याउलट वर्षातून ठरलेल्या तारखांना सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजले, तर औषधाला दाद न देणारे कृमीच वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. म्हणून काही जनावरे मुद्दाम बिनऔषधाची ठेवा, म्हणजे औषधाने मरणाऱ्या कृमींचा वंश टिकेल आणि औषध निकामी होणार नाही, असे आता शास्त्रच सांगते. कृमींना अभय द्या, असे विज्ञान म्हणू लागले, म्हणून कोणी आनंदून जाऊ नये. इथे कृमी राखले जातात ते पुढे औषधाने मारता यावेत म्हणून. तरीही एका मुद्द्यावर दोन्ही बाजू खरोखर भेटतात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे: बेसावधपणे, कषायांच्या, म्हणजे मनोविकारांच्या, आहारी जाऊन केलेला प्राणघात. जीव मेला की नाही, यापेक्षा करणारा सावध होता की नाही, हे तिथे आधी विचारले जाते. न तपासता पाजलेले औषध या कसोटीवर टिकत नाही. ज्यांचा उपद्रव नव्हता ते कृमी त्यात मरतात, आणि आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरून शेणकिड्यांच्या अळ्याही मरतात. त्या किड्यांचा तर या भांडणाशी काही संबंध नव्हता.

चरकाच्या उपचारक्रमात तीन पायऱ्या आहेत: कृमी ओढून काढणे, ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती मोडणे आणि मूळ कारण टाळणे. अहिंसेच्या दृष्टीने हा क्रम उलटा लावायला हवा. दलदलीला कुंपण घातले, तर गोगलगायीमार्फत पसरणारा यकृतकृमी जनावरापर्यंत पोहोचतच नाही आणि गोगलगायही मारावी लागत नाही. चराईची जागा बदलली की गवतावरच्या अळ्या यजमान न मिळाल्याने मरतात. त्या मृत्यूची जबाबदारी कोणावर, यावर वाद घालता येईल, पण तो विष पाजण्याइतका थेट नाही. एवढे करूनही जे जनावर फिके पडते, त्याला औषध द्यावे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा शेण तपासावे. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील, तर औषध लागू पडलेले नाही. ज्या गोशाळा आणि पांजरपोळ जीवदयेसाठी देणग्या घेतात, त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी औषधाच्या बाटल्यांबरोबर एक सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टरची काच विकत घ्यावी.