जीव माझा, दोर कोणाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कामणच्या आसपास चिंचोटीचा फाटा लागतो. तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरणारा ओढा इथे धबधबा होतो. पावसाळ्यात तिथे जायला बंदीचा आदेश निघतो. तो पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तरी लोक आडवाटेने जातातच. जुलै २०१८ मध्ये ओढ्याला एकाएकी लोंढा आला, शंभराहून जास्त माणसं अडकली आणि त्यांना सोडवायला बचावपथकं गेली.

अशा बातमीखाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘मरायला जातात कशाला?’ दुसरी, ‘जीव त्यांचा, मर्जी त्यांची.’ मला दुसरी जास्त विचार करण्याजोगी वाटते.

आगरकरांच्या पिढीने ज्याला मन लावून वाचलं, त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये एका मोडकळीला आलेल्या पुलाचं उदाहरण दिलं आहे. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकतोय आणि सांगायलाही वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नसते. पण अपघात निश्चित नसेल, नुसता संभव असेल, तर त्या जाणत्या माणसाला सावध करावं, अडवू नये. म्हणजे सगळा प्रश्न जाणण्यावर येऊन थांबतो.

डोंगरी ओढ्यात कयाक घालणारे या जाणण्याला फार किंमत देतात. सलग उताराच्या ओढ्यात दोन खळाळांमध्ये दम खायला डोह नसतो. उलटलात तर पुढचा खडक लगेच येतो. म्हणून ते आधी काठाने चालत पाणी बघतात. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरून माणसाला आत ओढत राहतं. आडव्या पडलेल्या झाडातून पाणी निघून जातं, अंग अडकतं. जोराच्या धारेत उभं राहायचं नाही, कारण पाय दगडात अडकला की प्रवाह अंगावर येतो. शंका आली तर नाव खांद्यावर घेऊन त्या टप्प्याला वळसा घालतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. खाली एकजण दोर घेऊन उभा असतो.

तो दोरवाला महत्त्वाचा. त्याने आधी ‘हो’ म्हटलेलं असतं, आणि पुढच्या वळणावर आपण त्याच्यासाठी दोर धरणार असतो. चिंचोटीत अडकलेल्यासाठी उतरणारा गावातला पोरगा किंवा अग्निशमन दलाचा जवान, त्याला मात्र कुणीच विचारलेलं नसतं. एकाला माणुसकी नाही म्हणू देत नाही, दुसऱ्याला नोकरी. ‘जीव माझा’ हे वाक्य इथे अपुरं पडतं.

पण हाच धागा ताणला तर गिर्यारोहण बंद, समुद्रात पोहणं बंद. कुठल्या ना कुठल्या बचावकर्त्याचं नाव पुढे करून काहीही अडवता येईल. त्यामुळे सरसकट बंदी मला पटत नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी ओढा हा मोडका पूलच असतो, तेव्हा वाट अडवावी. एरवी बंदी जाणत्याला आणि अजाणाला एकाच काठीने हाकते. शिवाय ती स्वस्त पडते: आदेशाला एक कागद लागतो, पाणी वाचायला शिकवण्याला माणसं आणि पैसा लागतो.

रायगडात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटतं, त्याची वेळ ठाऊक असते, सोबत वाटाड्या असतो, अंगात लाइफ जॅकेट असतं. त्यासाठी पैसे मोजावे लागतात. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या पोरांना रविवारी परवडतो तो चिंचोटीचा ओढा. एकाच पाण्याच्या ओढीला एकीकडे तिकीट आहे आणि दुसरीकडे कलम.

त्या पोरांना मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांना पाणी वाचायला कुणी शिकवलं नाही, ही जबाबदारी आपली सगळ्यांची. मात्र पाण्यात पाय घालण्याआधी एक प्रश्न त्यांनाही चुकत नाही: माझ्यासाठी दोर कोण टाकणार आहे, आणि त्याला मी विचारलं आहे का?