बारा वाजून वीस मिनिटं

शिखरजीची वंदना करून मधुबनला उतरलेल्या बाईला दोनच गोष्टी हव्या असतात. गरम पाणी आणि पाय पसरायला जागा. नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी, नऊ किलोमीटर उतार, म्हणजे सत्तावीस किलोमीटर, तेही अनवाणी. 2024 च्या फेब्रुवारीत आम्ही बेळगावच्या चोवीस जणींनी ही वंदना केली. 13 तारखेच्या पहाटे दोनला निघालो, दुपारी उशिरा खाली आलो, संध्याकाळच्या आत जेवलो आणि मेल्यासारख्या झोपलो. त्याच रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी पारसनाथ स्टेशनवरून आमची परतीची गाडी आमचे चोवीस बर्थ घेऊन निघून गेली. आम्ही घोरत होतो.

आमच्या हिशेबानं गाडी 14 च्या रात्री होती. 14 चा दिवस विश्रांतीचा ठेवला होता. रात्री जीपा करून, पिशव्या-बोचकी सांभाळत अकराला स्टेशन गाठलं. फलाटावरच्या एका पोरानं तिकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "माताजी, ये गाड़ी तो कल रात को गई."

तिकिटावर तारीख 14 च होती. चूक तिकिटाची नव्हती, रात्रीची होती. 14 ची रात्र संपून बारा वाजले की रेल्वेची 15 तारीख लागते. आपलं पंचांग सूर्योदयापासून दिवस धरतं आणि आपण बायकाही तसाच धरतो. झोपून उठेपर्यंत आजचा दिवस आजचाच. रेल्वेला कुणाच्या झोपेशी काय करायचंय?

बुकिंग केलं होतं आमच्या मंडळाच्या वहिनींनी. नऊ वर्षं त्या हे काम करतात, एक पैसा न घेता. तेव्हा एकशेवीस दिवस आधी रिझर्वेशन उघडत असे. ऑक्टोबरात सकाळी आठच्या ठोक्याला त्या मोबाइल घेऊन बसल्या. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून चार तिकिटं काढली. आधार कार्डं जमवली. कुणाचं आडनाव माहेरचं, कुणाचं जन्मसाल चुकलेलं. कुणाला खालचाच बर्थ, कुणाला संडासाजवळचा नको. हे सगळं करताना त्या एका रात्रीला चुकल्या.

फलाटावर पहिली पाच मिनिटं सगळ्या चांगल्या वागल्या. "असू दे की वहिनी, माणसाचंच चुकतं." अर्ध्या तासानं थंडी वाजायला लागली, तेव्हा त्याच तोंडांतून आलं, "पण तारीख तरी बघायची की." मग कुणीतरी जावयाला फोन लावला, कुणी मुलाला, आणि प्रत्येक फोनमधून एकच प्रश्न बाहेर पडला, "बुकिंग कुणी केलं होतं?"

गाडी सुटून गेलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पुन्हा धर्मशाळा, दोन रात्री. तत्काळमध्ये एका तिकिटावर चारच नावं, म्हणून सहा तिकिटं. पुढची जोडगाडीही हुकली होती, तिचा खर्च निराळा. सगळं धरून पन्नास हजार चारशे रुपये जादा लागले. डोईला 2,100. वहिनी सामानावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "सगळा खर्च माझ्यावर."

कुणीही 'नको' म्हटलं नाही. मीही नाही. घरी आल्यावर त्यांनी भिशी उचलली, हे मला पुढं दोन महिन्यांनी दुसरीकडून कळलं.

तेव्हापासून ते न बोलणं माझ्या डोक्यात आहे. त्या क्षणी मला काय वाटलं, ते खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं. 2,100 वाचले म्हणून नव्हे. दोष कुणाचा हे ठरलं आणि तो माझा नाही, म्हणून.

नात्यातल्या एका वकिलांना मी विचारलं. ते म्हणाले, 1872 च्या करार कायद्यात दोन्ही बाजू आहेत. दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यानं वाजवी काळजी घ्यावी, अंगात असेल तेवढं कौशल्य वापरावं आणि हयगयीनं थेट नुकसान झालं तर भरून द्यावं. आणि ज्यानं काम सांगितलं, त्यानंही आपल्या माणसाला कायदेशीर कामाच्या परिणामांची झळ लागू देऊ नये. मला त्यात 'अंगात असेल तेवढं कौशल्य' हे आवडलं. वहिनींच्या अंगात होतं ते त्यांनी सगळं ओतलं होतं. कमिशन घेणाऱ्या एजंटाची गोष्ट वेगळी. त्याला आपण चुकू नये यासाठीच पैसे देतो, तेव्हा चुकला तर त्यानं भरावं, यात मला शंका नाही. वहिनींना आपण काय देत होतो? यात्रेच्या शेवटी एक शाल आणि नारळ.

आणि दुसरी बाजू बघा. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी वेळेवर बुकिंग करून किती पैसे वाचवले, याचा हिशेब कुणी ठेवला? एजंटाकडे गेलो असतो तर दर यात्रेला डोईला काही शे जास्त गेले असते. ती बचत चोवीस जणींच्या पदरात वाटून पडली, आणि आम्ही म्हणालो, "भगवंताची कृपा." तोटा झाला तेव्हा मात्र भगवंत मध्ये आले नाहीत, वहिनी आल्या.

स्वाध्यायात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे की कर्म तीन वाटांनी लागतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. कृत, कारित, अनुमोदित. जपमाळेच्या एकशेआठ मण्यांचा हिशेबही याच तिनाला मन-वचन-कायेच्या तिनानं, संरंभ-समारंभ-आरंभाच्या तिनानं आणि चार कषायांनी गुणून लागतो. हिंसेच्या बाबतीत आपण हे फार बारकाईनं पाळतो. कंदमूळ मी चिरलं नाही, चिरायला सांगितलं नाही, चिरलेलं चांगलं म्हटलं नाही. रेल्वेच्या तिकिटाला हीच फूटपट्टी लावायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मी लावून पाहिली. ऑक्टोबरात वहिनींनी चारही तिकिटं आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, "सर्वांनी तारीख-वेळ-नाव तपासून घ्यावे." मी परत जाऊन ते पान काढलं. खाली एकवीस नमस्काराचे हात आहेत, दोन 'खूप छान' आणि एक गुलाबाचं फूल. फूल माझं आहे. तारीख, वेळ सगळं स्पष्ट छापलेलं. करवून घेतलं आम्ही, मान डोलावली आम्ही.

मग चोवीस भागांत वाटून टाकायचं, झालं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्यात एक मावशी होत्या, नवरा नाही, पापड लाटून तीन वर्षं यात्रेचे पैसे साठवलेल्या. त्यांच्याकडं साधा मोबाइल. त्या गटावर नव्हत्याच, त्यांनी तिकीट पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी मान कशाला डोलावली? आणि 2,100 रुपये म्हणजे माझ्या घरी एक साडी, त्यांच्या घरी महिन्याचा किराणा. समान वाटणी ऐकायला न्यायाची वाटते, पण तिनं सर्वांत जास्त दुखवलं असतं ते जिची चूक सर्वांत कमी तिला.

जिनं स्वतःच आपलं वय चुकीचं कळवलं, तिनं दुरुस्तीचं स्वतः भरावं, यावर वाद नको. ऐनवेळी जी आजारी पडली, तिचा रद्द-खर्च तिच्याकडंच, हेही जुनंच ठरलेलं. पेच येतो तो फक्त फुकट राबणाऱ्या बाईच्या चुकीपाशी. कारण तिला दंड केला की पुढच्या वर्षी कुणी हात घालत नाही, आणि तिला सोडलं की कुणी ना कुणी कुरकुरतंच.

पुढच्या वर्षी तसंच झालं. वहिनींनी मोबाइल खाली ठेवला. श्रवणबेळगोळची सहल बसवाल्यावर सोपवली, त्यानं ठरल्याहून जास्त घेतले आणि चुकाही केल्या. त्या सगळ्यांनी हसत सोसल्या. परक्याला माफ करणं सोपं जातं, हे माझ्या लक्षात आलं.

आता मंडळात ठरलंय की प्रत्येक यात्रेत ज्यांना जमेल त्यांनी दोनशे जास्त द्यायचे आणि चूक झाली तर त्यातून भागवायचं. यावर एक काकू म्हणाल्या, "अशानं सगळ्या निष्काळजी होतील." होतीलही एखादवेळी. त्या काकूंनी स्वतः फलाटावर तारीख वाचली होती का, हे मी विचारलं नाही.

मागच्या पर्युषणात मी एका पाकिटात 4,200 घातले, माझे आणि मावशींचे, आणि वहिनींच्या घरी गेले. वाटेत ठरवत होते की त्या नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, मग त्या रडतील. त्यांनी पाकीट घेतलं. उघडून नोटा मोजल्या, फडताळात ठेवल्या आणि म्हणाल्या, "अजून बावीस राहिल्या. नाही, माझा धरला तर एकवीस." मग मला बसायला पाट दिला.