बघू की यूट्यूबवर!

पावसात टॉवरांची वीज गेली, त्या अंधारावर आता आणखी कुणी लिहू नये. वीज कंपनीला शिव्या देऊन झाल्या, बिल्डरला देऊन झाल्या, पावसालाही दोन ठेवून दिल्या. सगळ्या रास्तच होत्या. खटकलं ते वेगळंच. एवढाले टॉवर, मजल्यागणिक दोन-तीन इंजिनिअर, आणि गच्चीवरच्या चार व्हॉल्व्हपैकी कुठला कुठल्या विंगचा हे ठाऊक असलेला माणूस एकच, बारा तासांच्या ड्यूटीवरचा वॉचमन. पंप बंद पडला की टाकीत उरलेलं पाणी पुरवून वापरावं लागतं, म्हणजे व्हॉल्व्ह ठरावीक वेळ सोडून पुन्हा आवळावा लागतो. ते त्यानेच केलं. वरच्या मजल्यांवर पाण्याचे कॅन त्यानेच चढवले. वीज आल्यावरही काही घरांत काळोखच राहिला, तेव्हा हाक मारली गेली तीही त्यालाच. दारामागच्या भिंतीवर एक डबी असते आणि तिला झाकण असतं, ही बातमी त्या घरांत अजून पोचलेली दिसत नाही.

पोचवूनच टाकतो. बाल्कनीतल्या एखाद्या प्लगात ओल गेली की त्या डबीतला ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडतो आणि एका प्लगापायी सगळं घर आंधळं होतं. अशा वेळी सगळे एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाचे छोटे स्विच, खाली पाडायचे, ईएलसीबी वर करायचा आणि मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याला वर करताच पुन्हा सगळं पडतं तो चोर. त्याला खालीच ठेवायचं. बहुतेक वेळा बाकीचं घर उजळतं आणि वायरमन दुसऱ्या दिवशी सवडीने येऊन बाल्कनीचं बघतो. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी, आणि काम दोन मिनिटांचं आहे. याला कुणी ‘कौशल्य विकास’ म्हटलं तर मात्र मी हा स्तंभ बंद करीन. त्या शब्दाचं होर्डिंग लावायलाही शिडीवर चढता येणारा माणूस बाहेरूनच बोलवावा लागतो.

हे शिकलो नाही याची कारणं लोक बरीच देतात. वेळ नाही, हे एक. पैसे टाकले की माणूस येतो, हे दुसरं. ती जुनी आहेत, त्यातल्या त्यात प्रामाणिकही आहेत, त्यांना सोडून देऊ. हल्लीचं लाडकं कारण निराळं आहे: ‘त्यात शिकायचं काय? लागेल तेव्हा यूट्यूबवर बघू की!’ हे वाक्य अशा थाटात म्हटलं जातं, जणू जगातलं सगळं हातकाम म्हणणाऱ्याने आधीच करून ठेवलंय आणि फक्त कपाटातून काढायचं बाकी आहे. म्हणजे स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटलेला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतोय. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही, एवढंच करायचं असतं आणि ते लगेच करायचं असतं. आपले गृहस्थ त्याच खोलीत उभे राहून मोबाइलवर टाइप करताहेत. आधी धुण्याच्या पावडरीची जाहिरात. मग एक उत्साही तरुण, ‘नमस्कार मित्रांनो’, मग घंटीचं बटण दाबायची विनंती, मग त्याच्या मागच्या व्हिडिओत काय होतं त्याची उजळणी. शेवटी तो दाखवतो तो रेग्युलेटर भलत्याच कंपनीचा. किंवा कुणी कोसळलंय, हृदय थांबलंय, छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबायची आहे. तिथे ‘जाहिरात 5 सेकंदांत वगळता येईल’ असं येतं. पाच सेकंदांत आठ-दहा दाब होतात.

पण घाई बाजूला ठेवली, फोन चार्ज आहे, नेट धावतंय, पुढ्यात निवांत दुपार आहे असं धरलं, तरी हे कारण टिकत नाही. त्याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातल्या घराघरात आहे. इथल्या पुरुषांनी पोळी लाटताना पाहिलेली आहे. एकदा नव्हे, रोज, दोन वेळा, वीस-तीस वर्षं, हाताच्या अंतरावरून, फुकट आणि विनाजाहिरात. कणीक किती सैल, पोळपाटावर पीठ किती, लाटणं कुठे दाबायचं आणि कुठे नुसतं फिरवायचं, तवा तापल्याचं कसं ओळखायचं, सगळं डोळ्यांखालून गेलेलं. पाहून हात बसत असता तर पोळी लाटण्यात मराठी पुरुषाचा हात जगात कुणी धरला नसता. प्रत्यक्षात बाई चार दिवस माहेरी गेली की घरात पाव येतो. पाहण्याने समजतं, जमत नाही. जमायला पहिल्या वीस पोळ्या वाकड्या व्हाव्या लागतात, आणि त्या वाकड्या पोळ्या खायला घरात सवड आणि हसू असावं लागतं. संकटाच्या रात्री दोन्ही नसतं. तो दिवस शिकण्याचा नसतो, शिकलेलं वापरण्याचा असतो.

आणि नेट धावत असेल हे तरी कुणी सांगितलं? मोबाइलचा टॉवरही वीज खातो. ती गेली की तो आधी बॅटरीवर, मग डिझेलवर काही काळ तग धरतो आणि मग तोही आपल्यासारखाच बसतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. रायगडात आणि पलीकडे मंडणगड-दापोलीत विजेचे खांब झोपले, नेटवर्क गेलं, कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. माडा-पोफळींच्या बागा आडव्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले, आणि पाऊस दारात. वर्षानंतर, जुलै 2021 मध्ये, वाशिष्ठी चिपळुणात घुसली तेव्हाही बाजारपेठेबरोबर फोन बुडाले. अशा वेळी ‘पैसे टाकले की माणूस येतो’ हेही कारण आपोआप निकालात निघतं, कारण कौलं शाकारणारा माणूस गावात एक आणि उडालेली छपरं सगळ्यांची. तो कुणाकडे आधी जाईल? जो जास्त मोजेल त्याच्याकडे. म्हणजे ज्याला स्वतःचे चार पत्रे ठोकता येतात, तो त्या दिवशी नुसतं आपलं घर झाकत नाही. एका म्हातारीसाठी तो माणूस मोकळा करतो. मुद्दा एवढाच आहे. आपली अगतिकता ही खासगी मालमत्ता नव्हे. तिचं ओझं कुणाच्या तरी पाठीवर जातं, आणि ती पाठ बहुधा आपल्यापेक्षा कमी पगाराची असते. मुलांना ‘वॉचमनकाका’ म्हणायला शिकवलं की कर्तव्य संपलं असं आपल्याला वाटतं, आणि मग काकांना वीस लिटरचा कॅन घेऊन चौदा मजले चढवतो.

यावर शहाणी माणसं म्हणतात की श्रमविभागणीवरच जग उभं आहे, प्रत्येकाने सगळं शिकायचं तर सुधारणा कशाला झाली? बरोबर आहे. मोटार रिवाइंड करायला कुणी सांगत नाही, मीटरच्या पलीकडे तर मुळीच हात घालू नये. पण श्रमविभागणी म्हणजे अवघड काम जाणकाराने करणं. बादलीची कडी बसवायला, नळाचा वायसर बदलायला, शर्टाचं बटण लावायला माणूस शोधणं ही विभागणी नव्हे, तो आळस आहे आणि त्याला अर्थशास्त्राचं नाव द्यायची गरज नाही. अशा घरांची एक खूण असते. तिथे भाजीच्या सुरीचं टोक वाकडं असतं. स्क्रू-ड्रायव्हर नसल्यामुळे सगळे स्क्रू त्या सुरीने पिळलेले असतात.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि स्वावलंबनावर लिहिणारे त्याला हळूच वळसा घालतात. पूर्वीचं खेडं कसं स्वयंपूर्ण होतं, सुतार, लोहार, कुंभार, चांभार सगळे गावातच, असं रंगवून सांगायची आपल्याकडे फार हौस. ते खेडं स्वयंपूर्ण होतं, त्यातला माणूस नव्हता. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचं, बलुतं घ्यायला खळ्यावर उभं राहायचं आणि ज्यांचे हात काळे झाले नाहीत त्यांनी काळ्या हातांचा विटाळ मानायचा, अशी ती व्यवस्था होती. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्याच्या या कौतुकाची सालं काढली ती उगीच नव्हे. तेव्हा स्वावलंबनाच्या नावाखाली कुणी ते खेडं परत आणू पाहत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ज्यांच्यावर हातकाम लादलं गेलं त्यांच्या मुलांना त्यातून सुटायचा हक्क आहे, आणि ज्यांनी ते कधी केलंच नाही त्यांच्या मुलांनी आता ते करायची पाळी आहे. आपण नेमकं उलटं केलंय. हातकामाचा अपमान जसाच्या तसा ठेवला, फक्त त्याला टक्केवारी जोडली. आयटीआय उत्तम असते, दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

बरं, हे शाळेत घालायचे प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी मुलांना श्रम करून शिकायला लावलं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी नई तालीम मांडली. कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला, 1977 मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव आलं, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवायचं म्हटलं. नावं बदलत गेली. तासाचं काय झालं ते पालक जाणतात. कार्यानुभवाच्या तासाला गणिताचे सर येतात, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं. ते विकत घेण्याचा अनुभव पालकांना येतो, मुलांना तोही नाही.

हे जमू शकतं याची एक जागा पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला अभ्यासक्रम शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस कामाला लावतो: लोखंड आणि बांधकाम, वीज, शेती-जनावरं, घर आणि आरोग्य. नकली काम नाही. पोरं गावाला लागणाऱ्या वस्तू बनवतात, दुरुस्त्या करतात, त्याचे पैसे घेतात. वेल्डिंग वाकडं झालं तर गिऱ्हाईक बोलतं, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं मार्कांपेक्षा लवकर लक्षात राहतं. यात मुलगा-मुलगी हा भेद नाही हे विशेष. शहरी शाळांनी यातला निम्मा दिवस उचलला तरी पुरे होईल. उचलणार नाहीत. त्या दिवशी कोडिंगचा क्लास असतो.

कुणी विचारील, एवढ्याने पूर थांबणार का, वादळ वळणार का? नाही. उद्या काय येणार आहे हे कुणालाच माहीत नाही. एमसीबी वर करता आला म्हणून कुणी प्रलयातून तरत नाही. पण रेग्युलेटर बंद करणं, पाणी उकळून-गाळून पिण्याजोगं करणं, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जुलाब झालेल्या पोराला पाजत राहणं, जखमेवर घट्ट कापड दाबून रक्त थांबवणं, चार माणसांचा भात-पिठलं रांधणं, एवढं अंगात असलं तर आपण निदान मदतीच्या रांगेत पहिला नंबर अडवून उभे राहत नाही. त्याहून मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही. ज्यांना तेवढंही जड वाटतं त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून बसावं, बॅटरी आहे तोवर.

बाकीच्यांनी आज रविवार आहे तर एक करावं. आधी बाजारातून स्क्रू-ड्रायव्हर आणावा आणि ती सुरी भाजीला मोकळी करावी. मग वॉचमनला चहा न्यावा, त्याच्याबरोबर गच्चीवर जावं आणि कुठला व्हॉल्व्ह कुठला ते त्याच्याकडून शिकून घ्यावं. मुलांनाही न्यावं, स्वतःच्या हातांनी फिरवू द्यावं. व्हॉल्व्हवर ऑइलपेंटने विंगचं नाव लिहावं. त्याची ड्यूटी रात्री आठला बदलते, त्याआधी जा.