कावळा काय लिहायचा?

फेब्रुवारीतली चार दिवसांची पक्षीगणना आटोपली. प्रमाणपत्रं व्हॉट्सॲपवर झळकली, अभिनंदनाचे अंगठे उठले. त्या गर्दीत गटावर आलेली एक यादी मी चवीने वाचली. तलावाकाठी दीड तास, अकरा जाती. स्वर्गीय नर्तक आहे, धीवर आहे, कुठलासा दुर्मीळ माशीमार आहे. कावळा नाही. घार नाही. साळुंकी नाही. पारवा तर औषधालाही नाही. पुण्यात भर सकाळी दीड तासात एक पारवा दिसत नाही, असं हे कुठलं पुणे आहे ते मला कळलं पाहिजे. मी तिथे घर घेईन.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘अहो, कावळा काय लिहायचा?’

या प्रश्नाचा थाट बघण्यासारखा असतो. विचारणाऱ्याच्या अंगात लष्करी छापाचं जाकीट (पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून, तेच घालून तो फोनवर मोठ्याने बोलत असतो), गळ्यात फूटभर लांबीची लेन्स, आणि चेहऱ्यावर कावळ्याने आपली पायरी ओळखावी असा भाव. हाच गृहस्थ पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून अर्धा तास ‘काव काव’ करत ताटकळतो. कावळा आला नाही की सगळ्या इमारतीला सांगतो, ‘हल्ली कावळेच राहिले नाहीत हो.’ कशावरून राहिले नाहीत? मोजले कोणी? मोजायची वेळ आली तेव्हा तर कावळा तुमच्या प्रतिष्ठेत बसत नव्हता. म्हणजे पिंडाला शिवायला कावळा हवा, यादीत नको. पूर्वजांचा निरोप्या म्हणून चालतो, पक्षी म्हणून नाही.

शिरगणतीला आलेल्या माणसाने वाड्यातली देखणी माणसं तेवढी लिहून न्यावीत, तसं हे झालं.

यात नुसता आळस असता तर मी हा स्तंभ दुसऱ्या विषयावर खर्चला असता. पण ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? आमचे जाकीटवाले बेधडक ‘हो’ म्हणतात. आता गंमत बघा. यादी पूर्ण आहे म्हटल्यावर तीत जो पक्षी नाही, तो तिथे आढळला नाही असंच संशोधक धरतात. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये एखादा पक्षी आहे, आणि ते प्रमाण वर्षागणिक चढतंय की उतरतंय, यावर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो. म्हणजे तुम्ही कावळा नुसता वगळला नाहीत. कावळा नव्हता अशी साक्ष देऊन आलात.

बरं, दुर्मीळ पक्षी लिहिला तर परीक्षक फोटो मागतात, खुलासा मागतात. कावळा गाळला तर कोणी विचारत नाही. दीड तास तिथे कोण होतं? तुम्ही आणि कावळा. कावळ्याकडे मोबाइल नाही.

या हिशेबातून काय निघतं तेही पाहण्यासारखं आहे. 2023च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षक आणि तीन कोटींवर नोंदी होत्या. त्यांच्या आधारे 942 जातींचा आढावा घेतला गेला. पण दीर्घकालीन कल सांगता येईल एवढी सामग्री मिळाली ती 338 जातींचीच, आणि त्यांतल्या साठ टक्के घटताहेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. हा काही हिमालयातला लाजाळू पाहुणा नव्हे, वाटेवरच्या तारेवर बसणारा पक्षी.

आणि गिधाडं? पांढऱ्या पाठीचं गिधाड एकेकाळी इतकं होतं की त्याची नोंद ठेवणं वेडगळपणाचं वाटावं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्याकडे भरतपूरच्या केवलादेवमधले ऐंशीच्या दशकातले आकडे होते. म्हणून नव्वदच्या दशकातली पडझड आकड्यांनिशी दाखवता आली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे कारण पुढे सापडलं, 2006मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तोवर उशीर झाला होता. 1992 ते 2007 या काळात ही जात 99.9 टक्क्यांनी घटली. ‘गिधाड काय लिहायचं?’ असं तेव्हा म्हणणारे नक्कीच असतील. त्यांच्याकडेही जाकिटं असतील.

वेळ नाही, ॲप कळत नाही, चष्मा बदलायचाय या सबबींशी माझं भांडण नाही. मोजत नाही तो निदान खोटी साक्ष देत नाही. आणि खरं सांगायचं तर लोक येतात हेच पुष्कळ. पंधरा मिनिटांची यादीही चालते. तेवढा वेळ तरी मान मोबाइलमधून वर निघते. मग माशीमार लिहायला पुन्हा खाली जाते, ते सोडा. प्रमाणपत्राच्या हौसेने का होईना, शंभरांतल्या दहांनी कावळे मोजले तरी मी समाधान मानीन. आपल्याकडे याहून मोठ्या गणनांत याहून मोठी मंडळी गाळली गेली आहेत.

तूर्त एवढंच करा. पाठवलेली यादी नंतरही दुरुस्त करता येते. कावळे किती होते हे आता आठवत नसेल तर अंदाजाने आकडा ठोकू नका. त्या शेवटच्या प्रश्नापुढचं ‘हो’ काढा आणि ‘नाही’ करा.