युद्धकथा खरी केव्हा म्हणावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भंडाऱ्याहून गावी आलो, तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक जाडजूड कादंबरी बरोबर आणिली होती. ती म्हणजे श्री. विश्वास पाटील यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली ‘पानिपत’. धानाची कापणी चालू होती. दिवसभर बांधीत राबावे व रात्री पुस्तक घेऊन बसावे, असा माझा क्रम होता. तोफा धडाडू लागल्या की अंगावर रोमांच उभे राहत आणि ती पाने मी पुनःपुन्हा वाचीत असे.

त्या दिवसांत आमचे वृद्ध मामा घरी आले होते. १९७१ च्या युद्धात ते पायदळात शिपाई होते. माझी तल्लीनता पाहून त्यांनी विचारिले, “बाबू, हे सारे असेच घडले काय?”

मी म्हणालो, “मामा, लढाई तर घडलीच, परंतु माणसांची बोलणी लेखकाने आपल्या मनाने रचिली आहेत.”

“मग खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे तुला कसे समजते?”

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. वाचकहो, तो प्रश्न केवळ माझा नव्हे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

कित्येक म्हणतात, जे घडले तेच सत्य. कल्पित ते सारे असत्य. हे मत वरवर पाहता निर्दोष दिसते. परंतु आपणां सर्वांस ठाऊक असलेली दावीद राजाची गोष्ट आठवा. उरीया रणांगणात पडला, तेव्हा यवाबाने जासुदाकरवी राजास कळविले की, तटावरून बाण सुटले, काही लोक मेले व उरीयाही मेला. त्या निरोपातील प्रत्येक शब्द खरा होता; तथापि उरीयास मुद्दाम मरणाच्या तोंडी दिले होते, ही गोष्ट त्यात झाकली गेली. पुढे नाथान आला व त्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी कोणाच्याही गोठ्यात नव्हती. परंतु त्या कल्पित मेंढीने जे सत्य उघडे केले, ते खऱ्या युद्धवार्तेने दडविले होते.

असाच प्रकार आधुनिक काळातही दिसतो. एरिक मारिया रेमार्क हे जर्मन लेखक पहिल्या महायुद्धात १९१७ साली जखमी झाले होते. १९२९ साली ग्रंथरूपाने निघालेल्या त्यांच्या कादंबरीचा तरुण नायक ज्या दिवशी मरतो, त्याच दिवशी सैन्याची वार्ता सांगते की, आघाडीवर कळविण्याजोगे काही नाही. सेनापतीच्या हिशेबी ते खरेच होते. एका मुलाच्या मरणाने आघाडीची रेषा बोटभरही हलली नव्हती! जर्मनीत नाझी सत्तेवर आले, तेव्हा १९३३ साली ज्या ग्रंथांची होळी करण्यात आली, त्यांत रेमार्क यांचे ग्रंथही होते. निव्वळ खोट्या गोष्टीचे एवढे भय कोणी बाळगीत नाही.

परंतु यावरून लेखकास वाटेल ते लिहिण्याची मोकळीक मिळते, असे मात्र नव्हे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत, असे सांगणारा एक तोतया पुढे आला. पुष्कळांनी त्याजवर विश्वास ठेविला, कारण ते वृत्त खरे असावे अशी शोकाकुल मनांची इच्छा होती. अखेर १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. दुःखी मनास जे हवे तेच ऐकविणारी कथा किती गोड व किती घातक असते, हे यावरून दिसून येईल. सर्व वीर निर्भय, सर्व शत्रू राक्षस आणि प्रत्येक मरण सुंदर, असे जी युद्धकथा सांगते, तीही एक प्रकारची तोतयाच होय.

मग कसोटी कोणती? ती मला मामांनीच दाखविली. दोन रात्री त्यांनी ते पुस्तक आपल्यापाशी ठेविले. तिसऱ्या दिवशी छावणीतील उपासमारीच्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, “हे खरे आहे. लढाईतला आवाज मला आता आठवत नाही. ओले बूट आठवतात, आणि भूक आठवते.”

मी ओशाळलो. ती पाने मी भराभर उलटून पुढे गेलो होतो! इतिहास मात्र मामांच्याच बाजूचा आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांचे सैन्य पानिपतापाशी अडकून पडले. दक्षिणेची वाट व रसद दोन्ही तुटली. छावणीत लढणाऱ्यांखेरीज स्त्रिया, चाकरमाणसे, व्यापारी व यात्रेकरू यांचाही मोठा समुदाय होता. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, या निश्चयाने १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस सैन्य बाहेर पडले. म्हणजे तोफा सुटण्यापूर्वीच युद्धाने पुष्कळांस ग्रासले होते. जी कथा या माणसांस जागा देते, ती संवाद रचूनही सत्य सांगते. जी त्यांस वगळते, ती तारीखवार बरोबर असूनही खोटी ठरते.

आपल्या जिल्ह्यासही हे दूरचे नाही. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत २०२५ च्या जानेवारीच्या २४ तारखेस स्फोट होऊन ८ जण मरण पावले. तेथे रणांगण नव्हते, शत्रू नव्हता, रणवाद्यही नव्हते. युद्धकथेत अशा माणसांस कोणते पान मिळते? डबा बांधून देऊन संध्याकाळी वाट पाहणाऱ्या घरास कोणते?

यावरून मला एक गोष्ट कळली. युद्धकथेच्या खरेपणाचा अर्धा भार लेखकावर व अर्धा वाचकावर असतो. लेखकाने भूक लिहिली आणि वाचकाने केवळ तोफाच वाचल्या, तर खोटेपणा कोणाचा?

मामांचा नातू सैन्यभरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावतो. त्याने ते पुस्तक मजकडे मागितले. द्यावे की न द्यावे, असा मला विचार पडला. कारण तेच वाचून मीही दोन दिवस मनातल्या मनात भाला फिरवीत होतो. मी मामांस विचारिले. ते म्हणाले, “दे. त्याने जावे की न जावे, हे त्याचे तो ठरवील. पण सारे वाचून ठरवू दे.”

मी उपासमारीच्या पानात धानाची एक लोंबी खुणेसाठी ठेविली आणि पुस्तक त्याच्या हाती दिले.