आठ रुपयांचा रंग

मापांची वही दाखव म्हटलं, तर तू मोबाइल काढून फोटो दाखवू लागलास. मासे धरायचं एक हिरवं, रबरासारखं आमिष, शेजारी दुसरं हिरवं, आणि दोन्हींचा रंग वेगळा. पहिल्या घाण्यात किती रंग घातला होतास, असं विचारलं. “आठ-दहा थेंब, सर.” आठ की दहा? आठाचे दहा झाले म्हणजे रंग सव्वापट झाला. सातवीतल्या पोराला हे गणित येतं. तू तर लोकांकडून पैसे घेऊन माल विकतोस.

थेंब हे माप नाही, हे तुला शाळेच्या प्रयोगशाळेतच सांगितलं होतं. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तेसुद्धा ड्रॉपर तोच असेल तर. तुझा रंग पाण्यासारखा वाहत नाही, तो घट्ट आहे. मे महिन्यात तुझ्या नशिराबादला पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा तो पातळ होतो, डिसेंबरच्या पहाटे दाटतो, आणि थेंब लहान-मोठा होतो. बाटलीच्या तोंडाशी रंग सुकला तरी तेच. शिवाय बाटली न हलवता ओततोस! रंगद्रव्य तळाशी बसलेलं राहतं, वरचा पातळ भाग घाण्यात जातो, आणि मग तू दुकानदाराला दोष देतोस.

जळगावची एमआयडीसी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे प्लॅस्टिकच्या चटया बनतात. प्लॅस्टिकच्या दाण्यात रंगाचा मास्टरबॅच वजनाच्या टक्केवारीने घालतात, म्हणून गिऱ्हाइकाने तीच लाल चटई पुन्हा मागितली तर तीच लाल मिळते. जळगावचा सराफ गुंजभर सोन्यासाठीही काटा काढतो. त्याच गावच्या बाजारात वाढलेल्या पोराने रंग नजरेने घालावा, याचा मला राग येतो.

ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा आण. तो येईपर्यंत आईचा स्वयंपाकघरातला काटा वापरणार असशील, तर नीट ऐक. तो काटा एक-एक ग्रॅमने सरकतो. त्यावर २ ग्रॅम रंग मोजलास तर अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते, म्हणजे पाव हिस्सा. म्हणून आधी ९० ग्रॅम कच्च्या प्लॅस्टिसोलमध्ये, म्हणजे आमिष ओतायच्या प्लॅस्टिकच्या रसात, १० ग्रॅम रंग घोटून ठेव. २५० ग्रॅमच्या घाण्याला यातलं २० ग्रॅम घाल, की २ ग्रॅम रंग गेला. आता तीच अर्ध्या ग्रॅमची चूक चाळिसाव्या हिश्शावर आली. त्या २० ग्रॅममधलं १८ ग्रॅम प्लॅस्टिसोलच आहे, ते घाण्याच्या वजनातून वजा करायला विसरू नकोस. आणि भांड्यातला माल कच्चा असताना रंग ठरवू नकोस. कच्चं प्लॅस्टिसोल दुधासारखं पांढरं असतं, शिजल्यावर पारदर्शक होतं. त्यात दिसणारा रंग कच्च्यापेक्षा वेगळाच असतो. शिजलेला थेंब पांढऱ्या बशीवर टाक, थंड होऊ दे, मग उजेडात धरून बघ.

आता पैशांचं. “सर, तीन रुपयांत पडतं, सहाला विकतो, दुप्पट सुटतात.” हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. दर सोपे धरून मीच मांडतो, तू तुझे खरे दर घाल. प्लॅस्टिसोल ६०० रुपये किलो धरू. २५० ग्रॅमचे १५०. पाच ग्रॅमचा एक नग धरून तू ५० नग मोजलेस आणि तीन रुपये काढलेस. पण साच्याच्या वाटेत, भांड्याच्या कडेला आणि फुगे आलेल्या नगांत माल जातो. हाती चांगले ४५ लागले असं समज. रंगाचे ८, चमकीचे ९, गॅसचे १०. साचा ४,००० रुपयांचा आणि त्यातून २,००० नग निघणार, तर नगामागे दोन रुपये, म्हणजे ९०. पाच-पाचची नऊ पाकिटं, चार रुपयांप्रमाणे ३६. तुझा दीड तास, ८० रुपये तासाने १२०. बेरीज कर. ४२३. नग पडला ९ रुपये ४० पैशांना. ४५ नग सहाने विकून आले २७०. प्रत्येक घाण्याला तू १५३ रुपये घालवतोस आणि मित्रांना नफा झाला म्हणून चहा पाजतोस.

त्या ४२३ मध्ये रंग कितीचा आहे, पुन्हा बघ. आठ रुपयांचा. शंभरात दोन रुपयेही नाहीत. पण तो चुकला की उरलेले ४१५ त्याच्यासोबत बुडतात. तू मात्र रंगाचा थेंब वाचवायला बघतोस आणि स्वतःचा दीड तास फुकट धरतोस!

सगळे घरीच सुरुवात करतात, असं म्हणालास. खरं आहे. १९४९ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी निक क्रीम याने घरच्या स्वयंपाकघरातच मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं. पण तुझ्या घरात स्वयंपाकाच्या पातेल्यात हे शिजतं, ते आजपासून बंद. बांभोरीला जैन कंपनीच्या कारखान्यात ज्या पीव्हीसीचे ताठ पाइप निघतात, तोच हा पीव्हीसी. भरपूर तेलकट मऊकारक घातलं म्हणून लवचिक झाला. साधारण १७५ अंश सेल्सिअसला तो शिजतो. त्याच्या बराच वर गेला की पिवळा पडून जळतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा धूर सुटतो. डोळे चुरचुरतात म्हणाला होतास, ते त्याच धुराने. थर्मामीटर घे, भांडं वेगळं ठेव, अंगणात उघड्यावर बस, आणि धाकट्या बहिणीला जवळ फिरकू देऊ नकोस. गरम रसात पाण्याचा एक थेंब पडला तरी तो उसळून अंगावर येतो.

वाघूरच्या पाण्यावर मरळ धरायला बसणारा माणूस तुझ्याकडे तेच हिरवं मागत आला, कारण आधीच्या पाकिटाने त्याला मासा दिला होता. तू त्याला दुसरंच हिरवं दिलंस आणि “एवढा काय फरक पडतो” म्हणालास. उद्या त्याच्या घरी जा, पाकीट परत घे, पैसे दे. मग काटा घेऊन माझ्याकडे ये; पहिला घाणा माझ्यासमोर तोलायचा.